डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्टोऱ्या बिघडल्या की आपण मोठे झालो?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: "मी चाळिशीचा. शाळेत असताना केबलवर डब्ल्यूडब्ल्यूईची अमेरिकी कुस्ती, त्यातले अंडरटेकर आणि स्टोन कोल्ड बघत मोठा झालो. आता मुलगा बघतो. मला वाटतं, पूर्वीच्या स्टोऱ्यांत दम होता, आता नुसती बडबड असते. स्टोऱ्या खरंच बिघडल्या की आम्ही मोठे झालो? आणि दुसरं म्हणजे, हे सगळं आधी ठरलेलं असतं हे माझ्या मुलाला पक्कं माहीत आहे. तरी २०२३ च्या रेसलमेनियात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, कोडी ऱ्होड्स हरला तेव्हा तो सोमवारी सकाळी शाळा बुडवून रडत बसला होता. हे कसं?"

मी वीसेक वर्षं याच कामात आहे. टीव्हीवरच्या कुस्तीसाठी हिंदी समालोचनाचं लेखन केलं आणि आपल्याकडच्या छोट्या शोंसाठी बुकिंग केलं. बुकिंग म्हणजे कोण कुणाशी लढणार, कोण जिंकणार आणि मुख्य म्हणजे का जिंकणार, हे ठरवणं. त्या अनुभवावरून सांगतो: स्टोऱ्या बिघडल्या नाहीत. कुस्तीच्या गोष्टीचा अर्धा लेखक समोर खुर्चीवर बसलेला असतो आणि तो पिढीगणिक बदलतो. त्याचा राग कुणावर आहे हे बदललं की खलनायक बदलतो. त्याला आतलं किती माहीत आहे हे बदललं की गोष्ट सांगायची रीत बदलते. हे दोन धागे हातात धरा, बाकीचा गुंता आपोआप सुटत जातो.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा शो होता. शाळेचं मैदान, भाड्याची रिंग, हॅलोजनचे दिवे, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मागे उभी माणसं. नायक म्हणून जिममध्ये अंग कमावलेला एक देखणा पोरगा. खलनायक म्हणून हरियाणाचा एक रांगडा मल्ल, ज्यानं माईक घेऊन गावाला नावं ठेवायची होती. त्यानं ती ठेवली, लोकांनी त्याची हुर्यो उडवली, सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मग लढत सुरू झाली आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्या हरियाणवी मल्लानं लहानपणापासूनच्या सवयीनं एक अस्सल ढाक लावली. पोरगा चारी मुंड्या चीत. मैदान क्षणभर गप्प झालं आणि मागून, जिथं फेटेवाले म्हातारे उभे होते तिथून आवाज आला, "वा रं पठ्ठ्या!"

त्या गावात जुनी तालीम होती. लोकांना नुराकुस्ती कळत होती आणि खरा डावही कळत होता. पुढची पाच मिनिटं नायकानं दंड फुगवून दाखवले की हशा पिकायचा आणि खलनायकानं पट काढला की टाळी पडायची. मी रिंगच्या पायऱ्यांपाशी बसलो होतो. अशा लढतीत पंचाचं काम नुसतं तीनपर्यंत मोजायचं नसतं, पैलवानांच्या कानात निरोप पोचवायचं कामही त्याचंच असतं. त्याच्याकरवी सांगितलं, शेवट बदला. हरियाणवी जिंकला. जिंकल्यावर त्यानं पोराला हात देऊन उठवलं आणि त्याची पाठ थोपटली. दोन म्हातारे रिंगपाशी आले आणि त्या मल्लाच्या हातात शंभराची नोट ठेवून गेले. गावच्या जत्रेत इनाम देतात तसंच. पंधरा दिवसांपूर्वी मुंबईच्या उपनगरातल्या हॉलमध्ये हीच संहिता जशीच्या तशी चालली होती, तिथं पोरगाच हिरो ठरला होता. पैलवान तेच, डाव तेच, बघणारा बदलला.

आपल्याकडे तमाशात हे पूर्वापार चालत आलंय. बतावणीतला सोंगाड्या गाव बघून बोलतो, टाळी कुठे पडतेय ते बघून प्रसंग ताणतो किंवा आवरता घेतो. अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती तेच काम शंभर वर्षं करते आहे, फरक एवढाच की तिथं एक प्रसंग वर्षभर चालू शकतो.

सुरुवात तर कंटाळ्यापासून झाली. १९०८ साली शिकागोत फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकेनश्मिट यांची लढत दोन तास चालली. खऱ्या कुस्तीत दोन तुल्यबळ मल्ल असे तासन्‌तास एकमेकांना जखडून बसू शकतात. जाणकाराला त्यात गोडी असते, पण तिकीट काढून आलेल्या शहरी माणसाला नसते. १९२० च्या दशकात एड 'स्ट्रँगलर' लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी हे ओळखलं. वेळेची मर्यादा आली, उचलून आपटणं आलं, आणि एकच संच गावोगाव फिरवायला लागल्यावर भांडण एका गावातून दुसऱ्या गावात पुढे सरकायला लागलं. कथानक जन्माला आलं ते इथं. पुढे १९४० च्या दशकाअखेर टीव्ही आला, तसा गॉर्जस जॉर्ज आला. सोनेरी कुरळे केस, झगमगीत झगा, पुढे रिंगमध्ये अत्तर फवारणारा नोकर. काळ्यापांढऱ्या छोट्या पडद्यावर डाव नीट दिसत नव्हते, नखरा मात्र दिसत होता.

राग कुणावर, हा धागा नीट दिसतो तो ब्रुनो सामार्टिनोच्या काळात. ब्रुनो इटलीत जन्मलेला, युद्धात लपूनछपून वाचलेला आणि पोरवयात अमेरिकेत आलेला. १७ मे १९६३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवलं आणि पुढचा साडेसात वर्षांहून जास्त काळ विजेतेपदाचा पट्टा त्याच्याकडेच राहिला. आजच्या लेखकाला इतका काळ एकच विजेता ठेवायची हिंमत होणार नाही. पण तेव्हाचा न्यूयॉर्कचा प्रेक्षक बघा: इटालियन, पोर्तो रिकोचे, ग्रीक, पोलिश स्थलांतरित, दिवसभर गोदीत नाहीतर बांधकामावर राबणारे. त्यांना वळणावळणाची गोष्ट नको होती. आपल्यातला एक माणूस महिन्यातून एकदा गार्डनमध्ये उभा राहतो आणि पडत नाही, एवढीच गोष्ट त्यांना हवी होती. १८ जानेवारी १९७१ ला इव्हान कोलॉफनं त्याला पाडलं तेव्हा हॉलमध्ये अशी शांतता पसरली की आपल्या कानाला काही झालं की काय असं वाटलं, असं ब्रुनो पुढे सांगायचा. लोक ओरडले नाहीत, कुणी खुर्ची फेकली नाही, काही जण रडले. बुकर म्हणून मी त्या शांततेबद्दल अनेकदा विचार केलाय. आवाज मिळवणं सोपं असतं. अशी शांतता मिळवायला साडेसात वर्षं लागतात.

कोलॉफ 'रशियन' होता, म्हणजे मूळचा कॅनडाचा. त्या काळात परका खलनायक हा ठरलेला साचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन आणि जपानी खलनायकांचं पीक आलं. टेक्सासचा जॅक अ‍ॅडकिसन फ्रिट्झ फॉन एरिक बनून नाझी म्हणून शिव्या खायचा. मग रशियन आले. इराणमध्ये अमेरिकी ओलीस ठेवले गेले त्याची जखम ताजी असताना डिसेंबर १९८३ मध्ये आयर्न शेखला पट्टा दिला आणि चार आठवड्यांत, २३ जानेवारी १९८४ ला, हल्क होगननं तो परत आणला. तो माणूस तरी खरोखर इराणी होता.

या साच्याची मर्यादा १९९१ मध्ये उघडी पडली. आखाती युद्ध सुरू होऊन दोन-तीन दिवस होतात न होतात तोच, अमेरिकी सैनिकाच्या वेषात लोकप्रिय झालेल्या सार्जंट स्लॉटरला इराकधार्जिणा करून पट्टा दिला. हिशोब असा की मार्चमधल्या रेसलमेनियात होगन त्याला लोळवेल आणि देश नाचेल. पण युद्ध फेब्रुवारी संपता संपता संपलं. २४ मार्चला लोकांना जो राग आणायचा होता तो त्यांच्या मनात उरलाच नव्हता. कार्यक्रम लॉस एंजेलिसच्या अवाढव्य मैदानातून शेजारच्या लहान बंदिस्त हॉलमध्ये हलवला गेला. कंपनीनं सुरक्षेचं कारण दिलं, तिकिटं खपली नव्हती असंही बोललं गेलं. वर्तमानपत्रातून उसना आणलेला राग वर्तमानपत्रासारखाच दुसऱ्या दिवशी शिळा होतो, हे मी नव्या लेखकांना नेहमी सांगतो.

आता तुमच्या लाडक्या काळाकडे येऊ. होगन मुलांना सांगायचा, व्यायाम करा, प्रार्थना म्हणा, जीवनसत्त्वं खा. १९८५ मध्ये आठ वर्षांचा असलेला मुलगा १९९६ मध्ये एकोणीस वर्षांचा झाला होता. त्याला मिसरूड फुटलं होतं आणि सज्जनपणाचे धडे देणारा काका त्याला नकोसा झाला होता. शिवाय त्याला आतलं कळायला लागलं होतं. १९८९ मध्ये विन्स मॅकमहनच्या कंपनीनंच (तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) न्यू जर्सीत, सरकारी क्रीडा आयोगाच्या देखरेखीतून सुटण्यासाठी, हे मनोरंजन आहे हे मान्य केलं होतं. पैलवानांच्या भाषेत 'केफेब' म्हणजे बाहेर खरं सांगायचं नाही ही शपथ. ती मालकानंच मोडली. ७ जुलै १९९६ ला डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत होगन खलनायक झाला तेव्हा लोकांनी रिंगमध्ये इतका कचरा फेकला की उभं राहायला जागा उरली नाही. ही पलटी लेखकाच्या डोक्यातून आली असं सगळे म्हणतात. माझं मत वेगळं आहे. लोक वर्षभर आधीपासून त्याला हुर्यो करत होते, त्यांच्या कंटाळ्याला फक्त परवानगी मिळाली.

आणि स्टोन कोल्ड, म्हणजे स्टीव्ह ऑस्टिन. त्याच्या यशाचं कारण लोक बिअर आणि शिव्यांत शोधतात. मला ते वेळापत्रकात सापडतं. 'रॉ' हा कंपनीचा साप्ताहिक कार्यक्रम सोमवारी रात्री लागायचा. सोमवार म्हणजे साहेबानं आठवड्याचा पहिला हिसका दिलेला दिवस. घरी येऊन बूट काढून बसलेल्या माणसासमोर एक टकला टेक्सासवाला आपल्या कंपनीच्या मालकाला रिंगमध्ये उताणा पाडतोय! यात दुसरा धागाही होता. मॅकमहन मालक आहे हे वर्षानुवर्षं पडद्यावर लपवलेलं असायचं, तो फक्त समालोचक म्हणून दिसायचा. ९ नोव्हेंबर १९९७ ला माँट्रियलमध्ये त्यानं तेव्हाच्या विजेत्या ब्रेट हार्टला न सांगता खऱ्याखुऱ्या फसवणुकीनं पट्टा काढून घेतला आणि ती बातमी चाहत्यांत पसरली. लोकांना मालकाचा खरा राग आला. त्या रागातून 'मिस्टर मॅकमहन' हा खलनायक घडला. याआधी अज्ञानावर गोष्ट उभी राहायची, इथून पुढे ती माहितीवर उभी राहायला लागली. कुस्तीच्या लेखनातला माझ्या मते हा सगळ्यात मोठा बदल आहे.

पण प्रेक्षकाचं मन असं हाती लागलं की लेखकाला वाटतं, आपण त्याला कुठेही नेऊ शकतो. १ एप्रिल २००१ ला ह्यूस्टनमध्ये, ऑस्टिनच्या स्वतःच्या टेक्सासमध्ये, त्यानं त्याच मालकाशी हातमिळवणी करून रॉक या दुसऱ्या लाडक्या नायकाला हरवलं. लोकांनी टाळ्याच वाजवल्या. त्यांनी खलनायक मागितलाच नव्हता. हा निर्णय चुकला हे पुढे ऑस्टिननंही मान्य केलं. रोज साहेबाचं ऐकणाऱ्या माणसाला तुम्ही सांगितलंत की तुझा हिरोही शेवटी साहेबाकडेच गेला. हे त्याला घरी बसून बघायचं नव्हतं.

आता तुमचं खास आठवा. नव्वदच्या दशकात आपण पोरं पत्त्यांवरून कुस्तीपटू ओळखायचो. उंची, वजन, छाती, रँक. जास्त आकड्याचा पत्ता जिंकायचा. अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत झालाय ही बातमी माझ्या वर्गात कुणीतरी शपथेवर सांगितली होती आणि तुमच्याही वर्गात सांगितली असेल. इंटरनेट नव्हतं, मासिकं मिळत नव्हती, अमेरिकेतला प्रेक्षक काय म्हणतोय हे कानावर यायचं नाही. तिथल्या एकोणीस वर्षांच्या पोरानं माहिती असून मजा घेतलेली गोष्ट आपण दहाव्या वर्षी माहिती नसताना पाहिली. तुम्हाला जो दम आठवतो तो आपल्या न कळण्याचा दम होता. तो खरा होता, त्याला मी कमी लेखत नाही. पण तो परत आणणं कुठल्याही लेखकाच्या हाती नाही.

यानंतरचा काही भाग भराभर सांगतो. ९/११ नंतर मुहम्मद हसन नावाचं पात्र आलं. सुरुवातीला ते सांगायचं की मी अमेरिकी असून माझ्याकडे संशयानं बघतात. हे बोलणं न्याय्य होतं आणि त्यातली ताकद तिथंच होती. लेखकांनी त्याला सवयीनं साध्या परक्या खलनायकाच्या साच्यात ढकललं. जुलै २००५ मध्ये बुरखेधारी माणसांकडून हल्ला घडवल्याचा भाग ज्या दिवशी प्रसारित झाला, त्याच दिवशी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले. वाहिनीनं पात्र काढायला लावलं. १९५० च्या प्रेक्षकासाठी चाललेलं २००५ मध्ये चाललं नाही. २००७ मध्ये क्रिस बेन्वा या कुस्तीपटूनं बायको-मुलाला मारून आत्महत्या केली, त्या भयंकर प्रकारानंतर डोक्याला बसणाऱ्या मारावर सगळ्यांच्या नजरा गेल्या, पुढे डोक्यात खुर्ची घालणं बंद झालं, २००८ मध्ये कार्यक्रम लहान मुलांसोबत बघण्याजोगा केला गेला. तुमच्या पिढीला 'आता पहिल्यासारखं राहिलं नाही' असं वाटायला इथून सुरुवात झाली असणार. मला मात्र त्या निर्णयाबद्दल तसूभरही खंत नाही.

त्याच काळात मी समालोचनासाठी हेडफोन लावून तेव्हाचा मुख्य नायक जॉन सीना याच्या लढती ऐकत बसायचो. एक गंमत सांगतो, कधी डोळे मिटून ऐकून बघा. "लेट्स गो सीना" हा आवाज बारीक असतो, बायका आणि मुलांचा. त्याला उत्तर म्हणून येणारा "सीना सक्स" भरडा असतो, पुरुषांचा, म्हणजे ऑस्टिनवर वाढलेल्या पोरांचा. एकाच हॉलमध्ये दोन पिढ्या, एकाच माणसाबद्दल, एकाच तालात भांडतायत. जुन्या नियमानं त्याला खलनायक करायला हवं होतं. कंपनीनं वर्षानुवर्षं ते केलं नाही. टीशर्ट विकत होती ती बारीक आवाजवाली पोरं. गोष्ट कुठल्या आवाजाकडे झुकते हे काही वेळा तिकीटखिडकी ठरवते, हे सांगितलं नाही तर मी अर्धंच सांगितलं असं होईल.

भरड्या आवाजानं स्वतःचा माणूस निवडला तो डॅनियल ब्रायन. उंचीनं लहान, दाढीवाला, छोट्या हॉलांमधून घासून आलेला. २०१३ मध्ये पडद्यावरच्या मालकांनी त्याला 'बी प्लस' म्हणून हिणवलं. प्रेक्षकांना ते पडद्यावरचं वाटलंच नाही. कंपनीचं खरंच तेच मत आहे असा त्यांचा समज झाला. २६ जानेवारी २०१४ ला पिट्सबर्गमध्ये रॉयल रंबल होती, म्हणजे तीस मल्ल एकामागून एक रिंगमध्ये उतरतात ती लढत. तिसावा, शेवटचा मल्ल म्हणून ब्रायन येईल अशी लोकांची खात्री होती. आला रे मिस्टेरिओ. ज्या रे मिस्टेरिओला जगात कुणी कधी हुर्यो करत नाही, त्याला त्या रात्री हुर्यो झाली. बटिस्टा जिंकला, त्याचीही तीच गत. मी ते बघताना खुर्चीतून उठलो होतो. हा राग खलनायकावरचा नव्हता, गोष्टीवरचा होता. दोन्ही हुर्यो कानाला सारख्याच वाटतात, पण पहिली मिळाली तर बुकरनं खूश व्हावं आणि दुसरी मिळाली तर रातोरात कागद फाडावेत. कंपनीनं फाडले. ६ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रायननं एकाच रात्री पडद्यावरच्या त्या मालकांपैकी ट्रिपल एचला आणि मग ऑर्टन-बटिस्टाला हरवून पट्टा घेतला.

बायकांच्या कुस्तीतही हेच घडलं. २०१५ मध्ये अर्ध्या मिनिटात गुंडाळलेल्या एका लढतीनंतर चाहत्यांनी समाजमाध्यमांवर इतका गदारोळ केला की कंपनीला दखल घ्यावी लागली. २०१८ मध्ये बेकी लिंचला खलनायिका करायचं ठरलं होतं, लोकांनी तिलाच डोक्यावर घेतलं, आणि २०१९ च्या रेसलमेनियाची शेवटची लढत बायकांची झाली.

भारताचा विषय काढल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही, कारण दोन प्रेक्षकांसाठी एकच गोष्ट लिहिली की काय होतं ते तिथं दिसतं. २१ मे २०१७ ला जिंदर महालनं रँडी ऑर्टनला हरवून पट्टा घेतला. कंपनीला भारतातला बाजार हवा होता. पण त्याला नायक न करता अमेरिकेत त्यांनी जुनाच परका खलनायक उभा केला: दिमतीला साथीदार, पंजाबीत भाषण, आणि अमेरिकी लोक माझा द्वेष करतात ही तक्रार. आता आपल्या बाजूनं बघा. इकडचा मुलगा टीव्ही लावतो, त्याला आपल्या भाषेच्या वळणाचा माणूस जगज्जेता दिसतो, आणि तोच माणूस दर लढतीत साथीदारांच्या लबाडीनं जिंकतो. त्याचा अभिमान कसा वाटायचा? कॅनडात जन्मलेला जिंदर मेहनती होता, दोष त्याचा नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीत शो होता, त्याच्या महिनाभर आधीच पट्टा एजे स्टाइल्सकडे गेला, आणि दिल्लीत जिंदर ट्रिपल एचकडून हरला. ब्रुनोला गार्डनमध्ये इटालियन माणसांसमोर जे मिळालं ते जिंदरला दिल्लीत मिळालं नाही. आपल्याकडे तर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या काळापासून लोकांना हवी असलेली गोष्ट साधी होती. आपला माणूस, सरळ मार्गानं, समोरच्या धिप्पाडाला पाडतो. त्यासाठी बाजाराची पाहणी करायची गरज नव्हती.

पुण्याचं उदाहरणही याच जातीचं. २०११ च्या अखेरीस टीएनए या अमेरिकी कंपनीनं बालेवाडीत 'रिंग का किंग' ही कुस्तीची मालिका चित्रित केली आणि ती २०१२ मध्ये कलर्सवर दिसली. मेहनत दांडगी होती, आपल्या पोरांना मोठ्या पैलवानांसोबत उभं राहायला मिळालं, त्याबद्दल मला आदरच आहे. पण चित्रीकरण आधी उरकलेलं, प्रसारण नंतर. घरच्या प्रेक्षकाला चौथ्या आठवड्यात कोण आवडला हे कळेपर्यंत पुढच्या लढती होऊन गेलेल्या. आपल्या दैनंदिन मालिकासुद्धा टीआरपी बघून ट्रॅक बदलतात. कुस्तीला तेवढीही मोकळीक नसेल तर तिचा तो अर्धा लेखक बाहेरच राहतो.

आता तुमचा मुलगा. कोडी हा डस्टी ऱ्होड्सचा पोरगा. डस्टी प्लंबरचा मुलगा, ढेरपोट्या, कामगारांचा लाडका. १९८५ मधल्या त्याच्या एका भाषणात कापड गिरणीतून काढलेल्या, पोरांना खायला काय घालू या विवंचनेत असलेल्या माणसाबद्दल तो बोलला होता. गिरणगावात लहानपण गेलेल्या माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मी ते ऐकवलं तेव्हा इंग्रजी फारसं न कळताही त्याचे डोळे भरून आले होते. डस्टीला डब्ल्यूडब्ल्यूएफचा पट्टा कधी मिळाला नाही. कोडी सांगत होता, ती अर्धी राहिलेली गोष्ट मी पुरी करणार. २ एप्रिल २०२३ ला, आपल्याकडे सोमवारी सकाळी, तो तेव्हाचा विजेता रोमन रेन्स याच्याकडून हरला.

१९७१ मध्ये गार्डनमधला मुलगा रडला तो ब्रुनो पडला म्हणून. तुमच्या मुलाला माहीत होतं की कोण जिंकणार हे कुणीतरी बसून ठरवतं. म्हणजे त्या माणसांच्या हातात होतं, त्यांनी देता आलं असतं, आणि दिलं नाही. त्याला वाईट वाटलं ते याचं. माहिती असल्यानं दुःख कमी झालं नाही, उलट त्या दुःखाला कुणाकडे जायचं याचा पत्ता मिळाला. म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये रोमनशी लढायची कोडीची जागा रॉकला द्यायचं घाटत होतं तेव्हा जगभरची अशीच पोरं उसळली. हॉलमध्ये "वुई वाँट कोडी" घुमायला लागलं. रॉक जानेवारीच्या अखेरीसच कंपनीची मालक असलेल्या टीकेओच्या संचालक मंडळावर गेला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे तो आपसूक साहेब ठरला, मॅकमहनसारखाच. लेखकांनी शहाणपणानं त्या रागालाच गोष्ट बनवलं, आठवड्याभरात कोडीला त्याची जागा परत दिली आणि रॉकला खलनायक केलं. ७ एप्रिल २०२४ ला फिलाडेल्फियात रोमनची १,३१६ दिवसांची सद्दी संपली.

त्या दिवशी तुमचा मुलगा काय म्हणाला, ते तुम्ही लिहिलं नाहीत. "कोडी जिंकला" म्हणाला, की "आपण जिंकवला" म्हणाला? जमलं तर त्याला विचारून मला कळवा.